अब्राहम लिंकन यांची न्यू सेलममधील वर्षे

अब्राहम लिंकन (जन्म : १२ फेब्रुवारी १८०९, मृत्यू : १५ एप्रिल १८६५) हे अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष होते. १८३१ ते १८३७ या काळात ते इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या लहानशा खेड्यात राहत होते. या सहा वर्षांत त्यांनी भागीदारीत काढलेले किराणा दुकान बुडाले, भागीदाराचा मृत्यू झाला आणि दोघांच्या कर्जाचा संपूर्ण भार एकट्या लिंकन यांच्यावर आला. कर्जातून मुक्त करणारा दिवाळखोरीचा कायदा त्या वेळी अमेरिकेत अस्तित्वात नव्हता. लिंकन यांनी गाव सोडले नाही. पोस्टमास्तर आणि जमीन मोजणीदार म्हणून काम करीत त्यांनी स्वाध्यायाने प्रथम भूमापन आणि नंतर कायदा शिकून घेतला. १८३६ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. दुकानाचे कर्ज फेडण्यास त्यांना पुढे अनेक वर्षे लागली. लिंकन यांच्या चरित्रातील हा कालखंड त्यांच्या सार्वजनिक जीवनाची पूर्वतयारी मानला जातो.

पार्श्वभूमी

लिंकन यांचा जन्म केंटकी राज्यात, हॉजन्व्हिल गावाजवळील एका लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. त्यांचे वडील टॉमस लिंकन हे शेतकरी आणि सुतार होते. १८१६ मध्ये हे कुटुंब इंडियाना येथे स्थलांतरित झाले. १८१८ मध्ये आई नॅन्सी यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी वडिलांनी सारा बुश जॉन्स्टन यांच्याशी विवाह केला. सावत्र आईने अब्राहम यांच्या वाचनाला प्रोत्साहन दिले.

सीमावर्ती वस्त्यांमधील शाळा वर्षातून काही आठवडेच भरत. लिंकन यांचे एकूण शालेय शिक्षण सर्व मिळून एक वर्षाचेही भरले नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. लेखन, वाचन आणि त्रैराशिकापर्यंतचे अंकगणित एवढीच त्यांची शाळेतील शिदोरी होती. त्यांच्या हातच्या गणिताच्या वहीची काही पाने आजही जतन केलेली आहेत. इसापच्या नीतिकथा, ‘रॉबिन्सन क्रूसो’ आणि वीम्स यांनी लिहिलेले जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चरित्र ही पुस्तके त्यांनी याच काळात वाचली. वॉशिंग्टन यांचे चरित्र त्यांनी एका शेजाऱ्याकडून वाचावयास आणले होते. ते पावसात भिजून खराब झाले, तेव्हा त्याची किंमत त्यांनी त्या शेजाऱ्याच्या शेतात मजुरी करून भरून दिली, अशी आठवण सांगितली जाते.

१८३० मध्ये कुटुंब इलिनॉय राज्यात आले. पुढील वर्षी डेंटन ऑफट या व्यापाऱ्याचा माल सपाट तळाच्या होडीतून न्यू ऑर्लीन्सला नेण्याचे काम लिंकन यांनी पत्करले. एप्रिल १८३१ मध्ये ही होडी सँगमन नदीवर न्यू सेलम येथील गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली. ती सोडविताना लिंकन यांनी दाखविलेली कल्पकता पाहून ऑफट प्रभावित झाला. त्याने या गावात दुकान काढण्याचे ठरविले आणि लिंकन यांना तेथे कारकून म्हणून नेमले. न्यू ऑर्लीन्सहून परतल्यावर जुलै १८३१ मध्ये लिंकन न्यू सेलम येथे राहावयास आले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते.

न्यू सेलम

जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरन यांनी १८२९ मध्ये सँगमन नदीकाठच्या टेकडीवर हे गाव वसविले. नदीवरील गिरणीत धान्य दळण्यासाठी आणि लाकूड कापण्यासाठी आसपासचे शेतकरी येत. त्यांच्या गरजा भागविण्यासाठी दुकाने, लोहाराचे दुकान, पिंप तयार करणाऱ्याची कार्यशाळा आणि खाणावळ असे व्यवसाय येथे उभे राहिले. गावाची लोकसंख्या कधीही ३०० च्या वर गेली नाही.

सँगमन नदीतून वाफेच्या बोटी येऊ लागतील आणि गावाची भरभराट होईल, अशी आशा गावकऱ्यांना होती. मार्च १८३२ मध्ये ‘टॅलिसमन’ ही बोट स्प्रिंगफील्डच्या परिसरापर्यंत आली, तेव्हा तिचे मोठे स्वागत झाले. पाणी ओसरू लागताच मात्र तिला घाईने परतावे लागले. परतीच्या वाटेवर ती बाहेर काढण्यासाठी न्यू सेलमच्या बंधाऱ्याचा काही भाग तोडावा लागला. या बोटीला वाट दाखविणाऱ्यांमध्ये लिंकन होते. नदी व्यापारी वाहतुकीला योग्य नाही, हे त्यानंतर हळूहळू स्पष्ट होत गेले आणि गावाच्या वाढीची शक्यता मावळली. लिंकन यांनी दुकानात भांडवल गुंतविले ते याच सुमारास.

ऑफटच्या दुकानातील नोकरी

ऑफटच्या दुकानात लिंकन यांना दरमहा सुमारे १५ डॉलर आणि दुकानातच झोपण्याची जागा मिळत असे. गिऱ्हाइकाकडून चुकून जास्त घेतलेले पैसे परत करण्यासाठी ते काही मैल चालत गेले, अशा आठवणी या काळाविषयी सांगितल्या जातात. जवळच्या क्लेरीज ग्रोव्ह वस्तीतील तरुणांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग याच्याशी त्यांची कुस्ती झाली. कुस्तीच्या निकालाविषयी एकमत नसले, तरी त्यानंतर हे तरुण त्यांचे मित्र आणि पाठीराखे बनले.

गावातील शिक्षक मेंटर ग्रॅहम यांच्या मार्गदर्शनाने लिंकन यांनी इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास सुरू केला. सॅम्युएल कर्कहॅम यांचे व्याकरणाचे पुस्तक मिळविण्यासाठी ते सुमारे सहा मैल चालत गेले, असे सांगितले जाते. गावातील वादसभेतही ते भाग घेत. मार्च १८३२ मध्ये त्यांनी राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीसाठी उमेदवारी जाहीर केली. ‘सँगमो जर्नल’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनात त्यांनी नदीतील वाहतुकीच्या सुधारणेबरोबरच शिक्षणाचा प्रश्न मांडला आणि लोकांपुढील सर्व प्रश्नांत शिक्षण सर्वांत महत्त्वाचे असल्याचे प्रतिपादन केले.

त्याच वर्षाच्या वसंत ऋतूत ऑफटचे दुकान बुडाले आणि लिंकन बेकार झाले. एप्रिलमध्ये ब्लॅक हॉक युद्धाला तोंड फुटल्यावर ते स्वयंसेवक दलात दाखल झाले. सहकाऱ्यांनी त्यांना कप्तान म्हणून निवडून दिले. जुलैमध्ये सेवा संपवून ते परतले, तेव्हा निवडणूक जवळ आली होती. ६ ऑगस्ट १८३२ रोजी झालेल्या मतदानात १३ उमेदवारांत त्यांचा आठवा क्रमांक आला. मात्र न्यू सेलम मतदान केंद्रावरील ३०० पैकी २७७ मते त्यांना मिळाली.

लिंकन आणि बेरी यांचे दुकान

निवडणुकीनंतर पुढे काय करावे, याचा लिंकन यांनी बराच विचार केला. लोहारकाम शिकण्याचा विचार त्यांच्या मनात आला. कायद्याच्या अभ्यासाचाही विचार आला, परंतु अधिक शिक्षणाशिवाय त्यात यश येणार नाही, असे त्यांना वाटले. याच वेळी गावातील हर्नडन बंधूंचे दुकान विक्रीस निघाले. एका भावाचा वाटा विल्यम बेरी याने आणि दुसऱ्याचा लिंकन यांनी विकत घेतला. बेरी हा ब्लॅक हॉक युद्धात लिंकन यांच्या तुकडीत होता. लिंकन यांच्याजवळ रोख रक्कम नव्हती. त्यांनी आपल्या वाट्याच्या किमतीची वचनचिठ्ठी लिहून दिली.

१८३३ च्या आरंभी रूबेन रॅडफर्ड याचे दुकान क्लेरीज ग्रोव्हच्या तरुणांनी फोडले. वैतागलेल्या रॅडफर्डने आपला सर्व माल विल्यम ग्रीन या तरुणाला ४०० डॉलरांना विकला. ग्रीन यानेही उधारीवरच खरेदी केली होती. त्याने तो माल लगेच नफा घेऊन बेरी आणि लिंकन यांना दिला आणि रॅडफर्डला द्यावयाच्या रकमेची जबाबदारीही या दोघांनी आपल्या अंगावर घेतली. अशा प्रकारे दुकानातील जवळपास सर्व माल कर्जावर उभा होता.

दुकानात चहा, कॉफी, साखर, मीठ, कापड, बंदुकीची दारू अशा नेहमीच्या वस्तू असत. सीमावर्ती भागात चलनाची टंचाई होती. शेतकरी बहुधा उधारीवर खरेदी करीत किंवा मालाच्या बदल्यात धान्य, लोणी, कातडी देत. त्यामुळे विक्री झाली, तरी कर्जाच्या हप्त्यांसाठी रोकड हाती येत नसे. ६ मार्च १८३३ रोजी बेरी आणि लिंकन यांच्या नावे मद्यविक्रीचा परवाना घेण्यात आला, तरीही व्यवसाय सावरला नाही. १८३३ साल संपण्यापूर्वीच दुकान हळूहळू बंद पडले.

या अपयशाचे खापर बेरीचे मद्यपान आणि लिंकन यांचे वाचनवेड यांवर फोडण्याची जुनी परंपरा आहे. दोघांनाही व्यापाराची फारशी आवड नव्हती, हे खरे असावे. तथापि संपूर्ण उधारीवर केलेली खरेदी, रोकडीचा अभाव आणि वाढ खुंटलेल्या गावात एकाच गिऱ्हाइकासाठी चाललेली दुकानांची स्पर्धा ही कारणे अधिक निर्णायक होती. न्यू सेलममधील इतर दुकानेही वारंवार हात बदलत किंवा बंद पडत होती.

कर्ज आणि जप्ती

वचनचिठ्ठ्या त्या काळी चलनासारख्याच एका हातातून दुसऱ्या हातात जात. त्यामुळे ओळखीच्या शेजाऱ्याला लिहून दिलेला कागद काही महिन्यांतच एखाद्या अनोळखी सावकाराकडे पोहोचत असे. लिंकन यांच्या चिठ्ठ्यांपैकी काही पीटर व्हॅन बर्गन याच्याकडे गेल्या. त्याने न्यायालयात दावा करून हुकूमनामा मिळविला आणि लिंकन यांची मालमत्ता जप्त करविली. लिंकन यांचा घोडा, खोगीर आणि मोजणीची साधने लिलावात काढण्यात आली. ही साधने हेच त्या वेळी त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. जेम्स शॉर्ट या शेतकरी मित्राने लिलावात या वस्तू विकत घेतल्या आणि त्या लिंकन यांना परत दिल्या. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लिंकन यांनी शॉर्ट यांना सरकारी नेमणूक दिली.

जानेवारी १८३५ मध्ये बेरी याचा मृत्यू झाला. त्याच्या मागे कर्ज फेडता येईल एवढी मालमत्ता नव्हती. भागीदारीच्या नियमानुसार त्याच्या वाट्याच्या कर्जाची जबाबदारीही लिंकन यांच्यावर आली. एकूण कर्ज सुमारे १,१०० डॉलर होते. ऑफटच्या दुकानातील १५ डॉलर पगाराच्या हिशेबाने ही रक्कम सहा वर्षांहून अधिक काळाच्या संपूर्ण कमाईएवढी होती. लिंकन विनोदाने या कर्जाला आपले राष्ट्रीय कर्ज म्हणत.

अमेरिकेतील पहिला संघीय दिवाळखोरी कायदा १८०० मध्ये झाला होता, परंतु तो १८०३ मध्येच रद्द करण्यात आला. त्यानंतरचा कायदा १८४१ पर्यंत झाला नाही. त्यामुळे १८३०च्या दशकात देणे थकलेल्या माणसाला न्यायालयात जाऊन कर्जातून मोकळे होण्याचा सर्वसाधारण मार्ग नव्हता. इलिनॉयच्या १८१८ च्या राज्यघटनेने फसवणूक न करणाऱ्या ऋणकोला तुरुंगात टाकण्यास मनाई केली होती, पण कर्ज मात्र कायम राहत असे. अनेक जण रातोरात गाव सोडून पश्चिमेकडे निघून जात आणि तेथे नव्याने सुरुवात करीत. लिंकन त्याच गावात राहिले. जमेल तसे फेडण्याचे त्यांनी धनकोंना सांगितले आणि बहुतेकांनी ते मान्य केले. कर्जाविषयीच्या या वागणुकीमुळे त्यांच्या प्रामाणिकपणाचा लौकिक या परिसरात पसरला.

पोस्टमास्तर

७ मे १८३३ रोजी लिंकन यांची न्यू सेलमचे पोस्टमास्तर म्हणून नेमणूक झाली. मे १८३६ मध्ये हे टपाल कार्यालय बंद होईपर्यंत ते या पदावर होते. टपाल आठवड्यातून थोड्याच वेळा येई आणि मोबदला अत्यल्प होता. घरोघरी पत्रे पोहोचविण्याचे बंधन नसतानाही ते अनेकदा पत्रे टोपीत ठेवून शेतावर नेऊन देत. या पदाचा मोठा लाभ म्हणजे कार्यालयात येणारी वृत्तपत्रे त्यांना वाचावयास मिळत. राजकीय वादविवादांची त्यांची जाण या वाचनातून विस्तारत गेली.

कार्यालय बंद झाल्यावर सरकारजमा करावयाची थोडी रक्कम त्यांच्याकडे शिल्लक होती. पुढे टपाल खात्याचा प्रतिनिधी हिशेब घेण्यासाठी स्प्रिंगफील्ड येथे आला, तेव्हा लिंकन यांनी वेगळी ठेवलेली तीच नाणी काढून दिली, अशी आठवण त्यांच्या परिचितांनी सांगितली आहे. त्या दिवसांत ते स्वतः कर्जात बुडालेले होते.

भूमापनाचा अभ्यास

इलिनॉयमध्ये नवे वसाहतकार येत होते आणि जमिनीची खरेदी-विक्री वाढली होती. सँगमन परगण्याचे मोजणीदार जॉन कॅल्हून यांना सहायकाची गरज होती. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, तर लिंकन व्हिग विचारांचे. असे असूनही १८३३ च्या उत्तरार्धात त्यांनी लिंकन यांना उपमोजणीदाराचे पद देऊ केले. लिंकन यांना भूमापनाची काहीही माहिती नव्हती. त्यांनी होकायंत्र आणि साखळी मिळविली आणि रॉबर्ट गिब्सन व एबल फ्लिंट यांच्या ग्रंथांवरून त्रिकोणमिती, लघुगणक आणि क्षेत्रफळाच्या आकडेमोडीचा अभ्यास केला. या अभ्यासात मेंटर ग्रॅहम यांनी मदत केल्याचे सांगितले जाते. १८३४ च्या आरंभी ते स्वतंत्रपणे मोजणी करू लागले.

पुस्तकातील ज्ञानाने आपल्याला थेट रोजगार मिळू शकतो, याचा अनुभव लिंकन यांना येथे प्रथमच आला. त्यांनी शेतजमिनी, रस्ते आणि नव्या गावांच्या आखणीची कामे केली. १८३६ मध्ये त्यांनी आखणी केलेले पीटर्सबर्ग हे गाव पुढे न्यू सेलमला मागे टाकून भरभराटीस आले. शेताच्या हद्दीवरून शेजाऱ्यांत होणारे वाद मोजणीदाराच्या निर्णयाने मिटत. त्यामुळे काटेकोरपणा आणि निःपक्षपातीपणा या गुणांची त्यांना सवय लागली आणि परगण्यातील दूरदूरच्या मतदारांशी त्यांची ओळख झाली.

विधिमंडळ आणि कायद्याचा अभ्यास

४ ऑगस्ट १८३४ रोजी झालेल्या निवडणुकीत लिंकन राज्य विधिमंडळावर निवडून आले. १३ उमेदवारांत त्यांचा दुसरा क्रमांक होता. तत्कालीन राजधानी व्हँडेलिया येथे जाण्यासाठी आणि योग्य पोशाख शिवून घेण्यासाठी त्यांनी कोलमन स्मूट या शेतकऱ्याकडून सुमारे २०० डॉलर उसने घेतले. विधिमंडळाच्या भत्त्यामुळे त्यांना काही काळ नियमित उत्पन्न मिळू लागले. त्यानंतर ते सलग तीन वेळा निवडून आले.

ब्लॅक हॉक युद्धात ओळख झालेले स्प्रिंगफील्डचे वकील जॉन टॉड स्टुअर्ट यांनी प्रचाराच्या काळात लिंकन यांना कायद्याचा अभ्यास करण्याचा आग्रह केला. निवडणुकीनंतर लिंकन यांनी स्टुअर्ट यांच्याकडून पुस्तके आणण्यास सुरुवात केली. स्प्रिंगफील्ड न्यू सेलमपासून सुमारे २० मैल होते. हे अंतर ते कधी पायी, तर कधी घोड्यावरून कापत. एक पुस्तक वाचून झाले की ते परत करून दुसरे आणीत.

अभ्यासाचा पाया विल्यम ब्लॅकस्टोन यांचे इंग्लंडच्या कायद्यांवरील भाष्य हा ग्रंथ होता. हा ग्रंथ त्यांच्या हाती कसा आला, याविषयी दोन कथा आहेत. एका कथेनुसार एका स्थलांतरिताकडून अर्ध्या डॉलरला घेतलेल्या जुन्या पिंपाच्या तळाशी तो सापडला. दुसऱ्या कथेनुसार तो त्यांनी स्प्रिंगफील्ड येथील लिलावात विकत घेतला. झाडाखाली पडून, झाडाच्या सावलीबरोबर जागा बदलत ते वाचत असत, अशी आठवण गावकऱ्यांनी सांगितली आहे.

लिंकन यांचा हा अभ्यास सलग झाला नाही. राहण्याजेवण्याचा आणि कपड्यांचा खर्च भागविण्यासाठी त्यांना मोजणीची कामे करावी लागत. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की पुस्तके मिटत आणि अधिवेशन संपले की पुन्हा उघडत. त्यांनी कोणत्याही वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केली नाही. वाचलेला भाग स्वतःच्या शब्दांत लिहून काढणे आणि मोठ्याने म्हणून पाहणे ही त्यांची पद्धत होती.

ऑगस्ट १८३५ मध्ये रटलेज यांची कन्या ॲन हिचा तापाने मृत्यू झाला. लिंकन यांचे तिच्यावर प्रेम होते, असे गावातील अनेकांनी पुढे सांगितले. या नात्याच्या स्वरूपाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि त्यानंतर काही काळ लिंकन खिन्न होते, याविषयी अनेक आठवणी जुळतात.

वकिलीची सनद

त्या काळी इलिनॉयमध्ये वकील होण्यासाठी महाविद्यालयीन पदवीची अट नव्हती. उमेदवाराचे चारित्र्य चांगले असल्याची न्यायालयातील नोंद आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी दिलेली सनद आवश्यक असे. २४ मार्च १८३६ रोजी सँगमन परगण्याच्या न्यायालयाने लिंकन यांच्या सच्चारित्र्याची नोंद केली. कर्जाचा हुकूमनामा डोक्यावर असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची होती. ९ सप्टेंबर १८३६ रोजी त्यांना सनद मिळाली आणि १ मार्च १८३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या वकिलांच्या यादीत त्यांचे नाव दाखल झाले.

१५ एप्रिल १८३७ रोजी लिंकन स्प्रिंगफील्ड येथे राहावयास आले. जोशुआ स्पीड या दुकानदाराकडे त्यांनी एका माणसापुरत्या अंथरुणाची किंमत विचारली. ती १७ डॉलर असल्याचे समजल्यावर त्यांनी नाताळपर्यंत उधारी मागितली आणि वकिलीत यश आले नाही, तर हे पैसे कधीच देता येणार नाहीत, हेही सांगून टाकले. स्पीड यांनी त्यांना दुकानावरील आपल्याच खोलीत राहण्यास जागा दिली. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

कर्जाची परतफेड

लिंकन यांनी प्रथम स्टुअर्ट यांच्याशी, १८४१ पासून स्टीफन लोगन यांच्याशी भागीदारीत वकिली केली. १८४४ मध्ये त्यांनी विल्यम हर्नडन यांना भागीदार करून घेतले. लोगन हे काटेकोर पूर्वतयारीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या सहवासात लिंकन यांचे कायद्याचे ज्ञान पक्के झाले. वकिलीच्या उत्पन्नातून त्यांनी जुन्या दुकानाचे कर्ज थोडे थोडे फेडले. हर्नडन यांच्या सांगण्यानुसार काँग्रेसचे सदस्य असताना, म्हणजे १८४८ च्या सुमारासही, लिंकन या कर्जापोटी पैसे पाठवीत होते. हे खरे धरल्यास काही महिने चाललेल्या दुकानाचे देणे फेडण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली.

१८३७ च्या आर्थिक मंदीत देशभरातील हजारो लहान व्यापारी आणि शेतकरी देशोधडीला लागले. त्यांच्यासाठी १८४१ मध्ये नवा दिवाळखोरी कायदा करण्यात आला. तो १८४२ च्या आरंभी अमलात आला आणि १८४३ मध्ये रद्द झाला. या अल्प काळात लोगन आणि लिंकन यांनी सत्तरहून अधिक दिवाळखोरीची प्रकरणे चालविली. आपल्याला न मिळालेली सवलत लिंकन यांनी अशा रीतीने इतर अनेकांना मिळवून दिली. स्वतः मात्र त्यांनी या कायद्याचा आधार घेतला नाही. त्यांच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या वकिलीतही कर्जवसुली आणि वचनचिठ्ठ्यांच्या दाव्यांचे प्रमाण मोठे होते. त्यांत ते कधी धनकोच्या, तर कधी ऋणकोच्या बाजूने उभे राहत.

उत्तरायुष्यावरील प्रभाव

स्वाध्यायाची सवय लिंकन यांनी पुढेही सोडली नाही. काँग्रेसमधील १८४७ ते १८४९ ही मुदत संपल्यावर त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग अभ्यासले. नदीतील उथळ भागावरून बोटी उचलून नेण्याच्या त्यांच्या यंत्ररचनेला २२ मे १८४९ रोजी पेटंट मिळाले. नदीत अडकलेल्या बोटींचा अनुभव त्यांनी न्यू सेलमच्या बंधाऱ्यावरच घेतला होता. १८५८ मध्ये जॅक आर्मस्ट्राँगच्या मुलावर खुनाचा आरोप आला, तेव्हा लिंकन यांनी त्याचा बचाव केला. घटनेच्या रात्री चंद्राची स्थिती काय होती, हे पंचांगाच्या आधारे दाखवून त्यांनी मुख्य साक्षीदाराची साक्ष निष्प्रभ केली आणि आरोपी सुटला.

कायदा शिकू इच्छिणारे तरुण त्यांना पत्रे लिहीत. उत्तरात लिंकन सांगत की चांगला गुरू किंवा मोठे शहर असणे अनिवार्य नाही. मूळ ग्रंथ मिळवून ते समजेपर्यंत वाचावेत आणि काम करीत राहावे, असा त्यांचा सल्ला असे. आपण स्वतः ३०० वस्तीच्याही नसलेल्या गावात शिक्षकाविना अभ्यास केला, याचा उल्लेख ते अशा पत्रात करीत.

राष्ट्राध्यक्ष असताना, यादवी युद्ध चालू असतानाच, २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी देऊन त्यांच्या विक्रीतून कृषी आणि यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांची सोय केली. ८ एप्रिल १८६४ रोजी त्यांनी वॉशिंग्टन येथील कर्णबधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या विधेयकास मंजुरी दिली. ही संस्था आज गॅलॉडेट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

ऐतिहासिक साधने आणि मूल्यमापन

न्यू सेलममधील वर्षांविषयीची माहिती दोन प्रकारच्या साधनांतून मिळते. न्यायालयीन दप्तर, परवाने, मोजणीचे नकाशे, नेमणुकीच्या नोंदी आणि लिंकन यांनी १८६० मध्ये लिहिलेले संक्षिप्त आत्मवृत्त हे पहिल्या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात गावकऱ्यांच्या आठवणी आहेत. लिंकन यांच्या हत्येनंतर हर्नडन यांनी त्या पत्रे आणि मुलाखतींच्या द्वारे गोळा केल्या. तीस वर्षांनंतर सांगितलेल्या या आठवणींत आदरभाव आणि दंतकथा मिसळल्या आहेत. पिंपात सापडलेला ग्रंथ किंवा मैलोगणिक चालत जाऊन परत केलेले पैसे या गोष्टी त्यामुळे सावधपणे वाचाव्या लागतात.

एकट्याच्या जिद्दीने घडलेला माणूस, असे लिंकन यांचे चित्र लोकप्रिय आहे. न्यू सेलमच्या नोंदी त्याला पूरक अशी दुसरी बाजू दाखवितात. स्टुअर्ट यांनी पुस्तके दिली, कॅल्हून यांनी पक्षभेद विसरून काम दिले, शॉर्ट यांनी जप्त झालेली साधने सोडवून दिली, स्मूट यांनी पैसे उसने दिले आणि धनकोंनी वेळ दिला. वकिलीचे दार शाळा न शिकलेल्या माणसालाही उघडे होते. या साहाय्याचा उपयोग करून घेण्यासाठी लागणारा चिकाटीचा अभ्यास मात्र त्यांचा स्वतःचा होता.

स्मारक

१८३९ मध्ये पीटर्सबर्ग हे नव्या मेनार्ड परगण्याचे मुख्य ठिकाण झाल्यावर न्यू सेलम ओस पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी ही जागा विकत घेऊन तिच्या जतनासाठी दिली. पुढे ती इलिनॉय राज्याच्या ताब्यात आली आणि १९३०च्या दशकात तेथे जुन्या गावाची पुनर्रचना करण्यात आली. ‘लिंकन्स न्यू सेलम’ या नावाने हे ऐतिहासिक स्थळ आज पाहता येते. लिंकन आणि बेरी यांचे दुकानही तेथे आहे.

मराठी वाचकांमध्ये

लिंकन यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर आढळते. कवी वसंत बापट यांच्या अनुवादामुळे ते मराठीत सर्वतोमुखी झाले. लिंकन यांच्या संकलित लेखनात मात्र असे पत्र आढळत नाही आणि अभ्यासक ते त्यांचे मानीत नाहीत. शिक्षणाविषयी लिंकन यांचे विचार जाणून घेण्यासाठी १८३२ चे निवडणूक निवेदन, १८६० चे आत्मवृत्त आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना लिहिलेली पत्रे ही विश्वसनीय साधने आहेत.